खांबाजवळची जागा

आमच्या कचेरीत ज्याचा सौदा मोडला असेल त्याला पहिला चहा मिळत असे. ज्याचा जमला त्याला नंतर, आणि तोही बहुधा गार झालेला. दुपारी दारातली पितळी घंटा वाजली की आतल्या खोलीतून दारोगासाहेब विचारत, "आज कोण पडलं रे?" मग सदाशिव किंवा बद्रीलाल, जो कोणी रिकाम्या हातानं परतला असेल तो, घाम पुसत म्हणे, "मी." लगेच त्याच्यासमोर चहा येई. बद्रीलाल तर न मोडलेले सौदेही चहापुरते मोडत असे. दारोगासाहेबांना ते कळत होतं. तरी ते चहा देत.

ती कचेरी होती घरांच्या दलालीची, देवासला, भर रस्त्यावर. दारावरची घंटा कधीकाळी हत्तीच्या गळ्यात होती आणि टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला होता तो खरा अंकुश. कारण आमचे मालक दलालीत येण्याआधी धार संस्थानच्या हत्तीखान्याचे दारोगा होते. संस्थानं विलीन झाली, हत्ती कुठे कुठे गेले, आणि हे गृहस्थ साठीच्या उंबरठ्यावर देवासला येऊन लोकांची घरं विकू लागले. हत्ती सांभाळणाऱ्या माणसाला घरांतलं काय कळणार, असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस मी त्यांना नुसती बघत होते.

बघायला मला वेळ होता. मी इंदूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकून घरी परतले होते आणि दिवसभर खिडकीत बसत होते. वडील म्हणाले, "खिडकीतच बसायचं तर दारोगासाहेबांच्या कचेरीत बस. तिथेही खिडकी आहे." घरं विकायला काढणाऱ्या कुटुंबांची मुलं मुंबई-कलकत्त्याला मोठ्या हुद्द्यांवर होती. ती इंग्रजीत पत्रं लिहीत, त्यांना इंग्रजीत उत्तरं द्यावी लागत. ते माझं काम. शिवाय गिऱ्हाइकाबरोबर बायका आल्या तर त्यांना स्वयंपाकघर, न्हाणीघर, माजघर दाखवायला आत जायचं. मी फारशी बोलत नसे, त्यामुळे बद्रीलालची ठाम समजूत झाली होती की या बेनजीला मराठी-हिंदी काही समजत नाही. मी ती समजूत दूर केली नाही. त्यामुळे ऐकायला बरंच मिळत होतं.

देवासबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. या एका गावात दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या अंगाला एक राज्य, त्या अंगाला दुसरं. राज्यं गेली तरी पात्या गेल्या नव्हत्या. थोरल्या पातीतल्या माणसाला घर विकायचं असलं तर धाकट्या पातीतला दलाल त्याला दारात चालत नसे, आणि उलटही तसंच. घर विकणं हीच लाजेची गोष्ट; ती शेजारच्या पातीला कळणं म्हणजे फारच झालं. दारोगासाहेब धारचे, म्हणजे दोन्हीकडून परके. म्हणून दोन्हीकडची घरं त्यांच्याकडे येत.

घर विकायला घ्यायच्या आधी ते त्या घरात दुपारची झोप घेत. मालकाला सांगत, "एक सतरंजी टाका आणि मला एकटा सोडा." उठल्यावर भिंतीवर तळहात ठेवून, डोळे मिटून, जनावराच्या कुशीला हात लावावा तसे उभे राहत. मग म्हणत, "हे घर उपाशी आहे," म्हणजे तिथे बरेच दिवस चूल पेटलेली नाही. किंवा, "हे बुजलंय. इथे भांडणं झालीत." मालक चपापत. माझ्या इंग्रजी शाळेतल्या डोक्याला हे पटत नव्हतं, पण मी स्वतः एकदा कोणी पाहत नाही असं बघून भिंतीला हात लावून पाहिला. भिंत गार होती, एवढंच कळलं.

सकाळी दलाल बाहेर पडण्याआधी ते प्रत्येकाच्या हातावर बरणीतला गुळाचा खडा ठेवत आणि विचारत, "काय लागेल आज?"

हा प्रश्न मला फार नवीन होता. काल किती घरं दाखवलीस, किती गिऱ्हाइकं आणलीस, असं ते विचारतच नसत. सुरुवातीला दलालांनाही उत्तर सुचत नसे. बद्रीलाल म्हणे, "मोटर चाहिए, दारोगाजी, लाल रंग की." ते शांतपणे म्हणत, "मोटर नाही. दुसरं सांग." हळूहळू खरी उत्तरं येऊ लागली. एकाला छत्री हवी असे. एकाला पटवारी दाद देत नाही, तर साहेबांनी बरोबर यावं असं वाटे. सदाशिवानं एकदा खूप वेळ मान खाली घालून सांगितलं, "सरदारांकडं मला मागच्या दारानं घेतात. पुढच्या दारानं घेतील असं काही करता आलं तर." दारोगासाहेब त्याच दिवशी त्याच्याबरोबर निघाले. पुढच्या दाराशी पोचल्यावर त्याला म्हणाले, "तू आधी. मला गुडघ्यानं पायरी चढायला वेळ लागतो." मी तिथे होते. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं.

मी एकदा धीर करून विचारलं की दलालांना एवढं का विचारता. ते म्हणाले, "बाळ, हत्ती माझं कधीच ऐकत नसे. तो माहुताचं ऐकायचा. माझं काम माहुताकडं बघायचं. त्याला तेल आहे का, कांबळं आहे का, घरी कोणी आजारी आहे का. दारोगा हत्तीकडं बघू लागला की समज, हत्तीखाना बुडाला."

आणि एक गोष्ट ते पुन्हापुन्हा सांगत. "हत्तीसमोर माहुताला कधी रागवायचं नाही. हत्ती सगळं ऐकतो. तुम्ही त्याच्या माहुताला हलकं केलंत, की तो दुसऱ्या दिवसापासून त्याला पाठीवर ठेवत नाही. नंतर, हत्तीखान्याच्या मागं नेऊन काय सोलायचं ते सोला." आमच्याकडे हत्ती म्हणजे गिऱ्हाईक, हे सांगायला नकोच.

असा हा माणूस. पण त्यांना एक हौस होती. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ते धारच्या दरबारातली आपली जागा सांगत. "खांबाजवळ बसायचो मी. डावीकडच्या." सांगताना पाठ ताठ होई, मिशीवरून बोट फिरे. दरबारी घराण्यांतले लोक हे ऐकून जरा सावरून बसत, आपल्यातलाच कोणीतरी भेटला असं त्यांना वाटे, आणि घराच्या किल्ल्या देत. बद्रीलाल मात्र त्यांच्या मागे सदाशिवाला डोळा घालून म्हणे, "भिया, पिछले साल खंबो दरवाजे के पास थो. अब सरकते-सरकते गादी के पास आ गयो. अगले साल दारोगाजी खुद गादी पे." सदाशिव हसत नसे. मी हसू आवरण्यासाठी टाइपरायटरवर वाकत असे. त्या खांबावर माझा विश्वास नव्हता.

सदाशिव जीनगरांच्या घरातला. त्याच्या पूर्वजांनी मराठ्यांच्या फौजेबरोबर येऊन पिढ्यान्‌पिढ्या स्वारीची खोगिरं शिवली होती. पागा मोडली तशी खोगिरं संपली. आरी, रापी त्यानं धाकट्या भावाला देऊन टाकली होती, तो आता बाजारात चपला सांधत होता. सदाशिवाला परत जायला जागा नव्हती. त्याच्याजवळ होता तो शब्द. 'सदाशिव सांगतो तसंच घर असतं,' एवढं लोक म्हणू लागले होते. दलालाकडं याहून दुसरं भांडवल नसतं.

तेच एकदा जायची वेळ आली.

थोरल्या पातीतले एक रावसाहेब मुलाकडे इंदूरला राहायला निघाले होते. त्यांचं घर भर रस्त्यावरचं, चांगलं भक्कम. कुक्षीचे एक कापसाचे सेठ ते पाहायला आले, बरोबर सेठाणी. मी सेठाणीला आत घेऊन गेले. त्यांनी ना स्वयंपाकघर पाहिलं ना विहीर. डोक्यावरचा पदर सावरत पुन्हा पुढच्या ओसरीवर आल्या आणि सदाशिवाला विचारलं, "दसरा को घोड़ो याँ रुके, या बात साँची?"

गोष्ट खरी होती. दसऱ्याची स्वारी शमीपूजनाला निघाली की निशाणाचा घोडा या घराच्या दारात थांबे. घरची सवाष्ण बाहेर येऊन घोड्याच्या पायांवर पाणी घाली, त्याला ओवाळी, मग स्वारी पुढे जाई. राज्य गेलं तरी घोडा अजून निघत होता आणि अजून थांबत होता.

"रुकता है, बेनजी," सदाशिव म्हणाला.

"तो फेर म्हारे हाथ से आरती होयगी?"

सदाशिवानं क्षणभरही विचार केला नाही. "आपके ही हाथ से. मान घर का है. जो घर में, उसका मान."

सेठाणींचा चेहरा असा उजळला की मीही मनात म्हटलं, चला, घर विकलं गेलं. सेठांनी दुसऱ्या दिवशी इसार दिला. सेठाणींनी ओवाळायला चांदीचं नवं तबक घडवायला टाकलं, आणि ते ज्या सोनाराकडे टाकलं तो रावसाहेबांच्या पातीतला निघाला.

रावसाहेब आले ते घंटा न वाजवता. योगायोगानं सेठही कचेरीत बसलेले होते. बद्रीलाल होता, सदाशिव होता, मी खिडकीत होते.

"दारोगासाहेब," ते उभ्यानंच म्हणाले, "मी घर विकायला काढलं होतं. तुमच्या या माणसानं माझ्या घराण्याचा मान विकला."

सदाशिव उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याला काय चुकलं हेच कळलं नसावं.

"मान भिंतींना असतो होय रे?" रावसाहेब त्याच्याकडे वळले. "माझ्या पणज्यानं तो तलवारीनं मिळवला. उद्या माझं धोतर विकत घेतलं तर माझं गोत्र मिळेल का? खोगीर शिवणाऱ्याच्या हातात घरं दिली की हेच होणार." मग दारोगासाहेबांना म्हणाले, "याला आत्ता, माझ्यासमोर, बाहेर काढा. नाहीतर माझंच काय, आमच्या पातीतलं एकही घर तुमच्या दाराशी येणार नाही. धाकट्या पातीतही मीच कळवीन."

सेठ खुर्चीत पुढे सरकून सदाशिवाकडे पाहत होते. गिऱ्हाईक ऐकत होतं.

दारोगासाहेब सावकाश उठले. त्यांनी अंकुश उचलून कागदांवरून बाजूला ठेवला, पुन्हा कागदांवर ठेवला.

"त्यानं सांगितलं ते मीच त्याला सांगायला सांगितलं होतं," ते म्हणाले.

हे खोटं होतं. घर दाखवलं त्या दिवशी ते धारला गेलेले होते.

"तुम्ही?" रावसाहेबांना हे अपेक्षित नव्हतं. "तुम्ही सांगितलंत? मान घराचा की घराण्याचा, हे धारच्या दरबारात बसलेल्या माणसाला ठाऊक नाही?"

"नाही."

"नाही कसं?"

"दरबारात मी कधी बसलोच नाही, रावसाहेब. हत्ती घेऊन बाहेर उभा असायचो. आतलं बाहेर काय कळणार?"

बद्रीलालनं तोंडातलं पान गिळलं असावं.

"आणि तो खांब?" रावसाहेबांनी विचारलं.

"खांब होता," दारोगासाहेब म्हणाले. "हत्ती बांधायचा."

रावसाहेबांच्या चेहऱ्यावरचा राग उतरत गेला आणि त्याच्या जागी दुसरंच काही आलं. मला ते रागापेक्षाही बघवेना. "तरीच," ते म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा म्हणाले, "तरीच." आता त्यांना कोणाला बाहेर काढायची घाई उरली नव्हती. हत्तीवाल्याच्या चुकीवर काय रागवायचं? त्यांनी पाणी मागितलं. सदाशिवानं ते आणून दिलं, आणि त्यांनी ते घेतलं. जाताना एवढंच म्हणाले, "घर विकतोय. मान आमच्याबरोबर येईल. त्या सेठाणीबाईंना नीट समजावा."

रावसाहेब आणि सेठ गेल्यावर दारोगासाहेब सदाशिवाला मागच्या अंगणात घेऊन गेले. खिडकीतून ऐकू येत होतं.

"गाढवा! मान म्हणजे खोगीर वाटलं तुला? याच्या पाठीवरून काढलं, त्याच्या पाठीवर घातलं?"

सदाशिव म्हणाला, "आमच्यात तसंच असतं, साहेब. पागेशेजारचा ओटा आहे ना, त्यावर जो बसेल त्याच्याकडं स्वारीचं खोगीर. माझा आजा बसला तर आजाकडं. तो ओटा चुलत्यानं घेतला, तर खोगीर चुलत्याकडं. मान ओट्याचा. माणसाचा नाही. मला वाटलं, सगळ्यांचं असंच."

"अस्सं?" दारोगासाहेबांचा आवाज एकदम खाली आला. "हे मला माहीत नव्हतं." थोड्या वेळानं पुन्हा चढला, "पण विचारायचंस!"

"कोणाला?"

"मला! मी काय इथं माशा मारायला बसलोय? रोज सकाळी घसा फोडून विचारतो, काय लागेल, काय लागेल. तुला छत्री मागता येते, आणि हे विचारता येत नाही?"

मग दोघं आत आले आणि दारोगासाहेबांनी घंटा स्वतःच्या हातानं वाजवली. "आज कोण पडलं?" बद्रीलालनं विचारलं. तो चेष्टा करत नव्हता. "मी," दारोगासाहेब म्हणाले, आणि पहिला चहा प्याले.

सेठाणींना समजावायला ते स्वतः गेले, मला बरोबर घेऊन. सेठ म्हणाले, घोड़ा नहीं तो घर भी नहीं. सेठाणींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनी एकच विचारलं, रावसाहेबांच्या घरची सून दसऱ्याला इंदूरहून येऊन आरती कुठे उभी राहून करणार? याचा विचार रावसाहेबांसकट कोणीच केलेला नव्हता. घोडा तर त्याच दारात थांबणार होता. सेठाणी हसल्या. "तो आवे. दरवाजो म्हारो, मान उनको. तबक म्हारो ले ले." त्या दसऱ्याला तसंच झालं. रावसाहेबांच्या सुनेनं सेठाणींच्या तबकातून घोडा ओवाळला आणि सेठाणी मागे उंबऱ्यात उभ्या राहून स्वतःच्याच घरची आरती असल्यासारख्या बघत होत्या.

सदाशिवाचा शब्द टिकला. दारोगासाहेबांची मात्र गावात किंमत उतरली. दरबारी घरांत पूर्वी त्यांना गादीवर बसवत, आता ओसरीतल्या बाकावर बसवू लागले. 'हत्तीवाले आलेत,' असं आत सांगितलं जाई. घरं येत राहिली, कारण दोन्ही पात्यांना परका दलाल अजून हवाच होता. ते बाकावर बसत, बोलावलं की आत जात, भिंतीवर हात ठेवत. खांबाची गोष्ट त्यांनी पुन्हा कधी काढली नाही. मला ती मिशीवर फिरणाऱ्या बोटासकट आठवत राहिली. आपल्या माणसासाठी बढाई सोडून देणं ही मोठीच गोष्ट आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

दिवाळीला मी धारला मामांकडे गेले. मामा दरबारच्या खासगीत कारकून होते. कोण कुठे बसायचं, कोणाला विडा आधी द्यायचा, हे त्यांच्याकडे असे. जेवताना मी सहज म्हटलं, आमचे मालक तुमच्या हत्तीखान्यात होते.

"अरे वा! ते देवासला आहेत होय?" मामा खूश झाले. "डावीकडच्या खांबाजवळ बसायचे. विडा मीच नेऊन देत असे त्यांना. लांबलचक दरबार असला की डोळा लागायचा त्यांचा, खांबाला टेकून. मी पायानं हळूच ढोसायचो."

माझा घास हातातच राहिला. मामींना वाटलं, भाजी तिखट झाली.

देवासला परतले त्या दिवशी मी कचेरीत सगळ्यांच्या आधी पोचले. दारोगासाहेब बरणी पुसत होते. मी म्हटलं, "धारच्या मामांनी नमस्कार सांगितलाय," आणि मामांचं नाव सांगितलं.

त्यांचा हात थांबला. "काय म्हणाले?"

"तुम्हाला दरबारात झोप लागायची, म्हणाले."

त्यांनी बरणी खाली ठेवली. मग म्हणाले, "सदाला बोललीस?"

"नाही."

"बद्रीला?"

"नाही."

त्यांनी बरणीचं झाकण काढलं आणि एक खडा माझ्या हातावर ठेवला. पत्रं लिहिणाऱ्याला गूळ लागत नाही, असा आजवरचा नियम होता. "ते धाकट्या पातीतलं घर आज तू दाखव. डॉक्टरची बायको येतेय, एकटीच. सदा येणार नाही." आणि मग, पहिल्यांदाच मला, "काय लागेल?"

मला खूप काही विचारायचं होतं. मी म्हटलं, "छत्री."

डॉक्टरीणबाई बोलक्या होत्या. त्यांनी सगळ्या खोल्या पाहिल्या, पाणी कधी येतं ते विचारलं, शेजार विचारला. मी तोपर्यंतच्या आयुष्यात परक्या माणसाशी इतकं बोलले नव्हते. गूळ अजून गालात होता. निघताना त्या पायरीवर थांबल्या.

"तुमचे साहेब धारच्या दरबारात बसत असत म्हणे. खरं का हो? इथे कोणी काही सांगतं, कोणी काही."

मी छत्री उघडली.

"नाही," मी म्हटलं. "ते हत्ती घेऊन बाहेर उभे असायचे."